माळ्यावरचा डबा आणि साठ पानं

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण निघतं. आत रबरबँड लावलेली पोकेमॉन कार्डांची थप्पी.]

आधी तो रबरबँड काढा. ओढू नका, कात्रीने कापा. इतक्या वर्षांत रबर विरघळून कडांना चिकटलेलं असतं, आणि ओढलंत की वरच्या पानाचा छापील थर त्याच्यासोबत निघून येतो. पण बहुतेक जण नेमकं तेच करतात, कारण डबा उघडताना हाताला घाई झालेली असते.

पोकेमॉन कार्डांचा हा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आला. इंग्रजीतला १०२ पानांचा पहिला संच जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत निघाला. आपल्याकडे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झालं. त्यानंतर खाऊच्या पाकिटात टॅझो नावाच्या चकत्या आल्या आणि शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात दोरीला लटकलेली कार्डांची पाकिटं दिसू लागली. त्या पाकिटांत नियमांचं पुस्तक नसायचं. म्हणून मुलांनी कुस्तीवाल्या कार्डांचा नियम इथेही लावला. दोघांनी एकेक पान उलटायचं, ज्याचा एचपी, म्हणजे पोकेमॉनचा जीव, जास्त त्याने दोन्ही न्यायची.

त्यामुळे इथे खेळाकडे परतणारे दोन प्रकारचे असतात. काही जणांनी तेव्हा खरा खेळ खेळलेला असतो. उरलेल्यांना, आणि ते संख्येने जास्त असावेत, पानं ओळखीची असतात, पण खेळ पहिल्यांदाच शिकायचा असतो. एका अर्थी त्यांचं बरं आहे, त्यांना जुनं काही विसरावं लागत नाही.

[दृश्य: टेबलावर पांढरं सुती कापड. पानं एकेक करून मांडली जातात.]

पहिली चाळणी खऱ्या-खोट्याची. हातात घेतलेलं पान खोटंच निघेल असं मनाशी धरूनच सुरुवात करा, म्हणजे नंतर वाईट वाटत नाही.

पाठ बघा. इंग्रजी पानांची निळी पाठ १९९९ पासून आजवर बदललेली नाही, त्यामुळे आजच्या एका खऱ्या पानाशेजारी ठेवून कुठलंही जुनं पान तपासता येतं. नकली पानाची पाठ जांभळट किंवा फिकी असते, चेंडूच्या कडा पुसट असतात. जपानी पानांची पाठ वेगळीच असते आणि ती २००१ मध्ये बदललीही, तेव्हा ती या तुलनेत धरू नका. मग अक्षरं बघा. पोकेमॉन या इंग्रजी नावातल्या 'ई'वर एक तिरकी रेघ असते, नकली छपाईत ती पुष्कळदा गायब असते. हल्ल्यांची नावं चुकीच्या स्पेलिंगने छापलेली असतात आणि एचपी हजाराच्या वर गेलेला असतो. खऱ्या पानावर चार आकडी एचपी नसतो. ती सोनेरी, प्लॅस्टिकची, चमचमणारी पानं तर चाळणीतही घालू नका.

तिसरी खूण उजेडाची. मोबाइलचा टॉर्च पानामागे धरा. खऱ्या पानाच्या दोन थरांमध्ये एक गडद थर असतो, तो उजेड बराच अडवतो, तर नकली पान पणतीसमोर धरलेल्या कागदासारखं उजळतं. खात्रीसाठी पान फाडून गडद रेघ बघायचा सल्ला काही जण देतात. फाडल्यावर ते खरं निघालं तर काय करायचं, हे मात्र ते सांगत नाहीत.

एक उलटी चूकही होते. लहानपणच्या पानांची कड पिवळी होती. २०२३ पासून इंग्रजी पानांची कड राखाडी-चंदेरी आहे. नव्या पाकिटातून असं पान निघालं की परतलेला माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. ते पान खरं असू शकतं.

[दृश्य: उरलेली पानं. भिंगातून उजवीकडचा खालचा कोपरा.]

खरी उरली ती संचांप्रमाणे लावा. बहुतेक पानांवर संचाचं चिन्ह असतं, सगळ्यात पहिल्या संचावर ते नाही. चिन्ह नाही आणि आकडा '१०२ पैकी' असा आहे, तर पान पहिल्या संचातलं. खाली गोल, पत्त्यातल्यासारखी चौकट किंवा तारा यांपैकी एक खूण असते: साधं, कमी मिळणारं, दुर्मीळ. चित्राच्या चौकटीखाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा छोटा काळा शिक्का आहे का, आणि चौकटीच्या उजव्या कडेला करडी सावली आहे का, हेही पाहा. शिक्का असलेलं किंवा सावली नसलेलं पान हाताळणं तिथेच थांबवा, ते आधी स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत, जाऊ दे.

आता चॅरिझार्ड. तो सापडला की सगळं काम थांबतं, म्हणून त्याच्याबद्दल आत्ताच बोलून घेऊ.

[दृश्य: पहिल्या संचातलं चौथ्या क्रमांकाचं पान, चॅरिझार्ड. १२० एचपी.]

या पानासाठी मुलं डबे रिकामे करायची. खेळात मात्र ते आपल्या काळातही चालत नव्हतं. का, ते मोजून बघा. आधी त्याचं पहिलं रूप चारमँडर खाली ठेवायचं, पुढच्या फेरीत त्यावर मधलं रूप चारमेलियन, त्यापुढे चॅरिझार्ड. त्याच्या हल्ल्याला चार एनर्जी, म्हणजे बळ देणारी पानं, लागतात आणि नियमाने एका फेरीत एकच लावता येते. म्हणजे नुसत्या साध्या एनर्जीवर पहिला हल्ला चौथ्या फेरीत. हल्ला १०० चा, पण केल्यावर दोन एनर्जी टाकून द्यायच्या. पुन्हा दोन फेऱ्या भरणा. आणि समोरच्याकडे एनर्जी रिमूव्हल नावाचं अगदी साधं, चार-चार ठेवता येणारं पान असायचं. ते टाकलं की तुमची एक फेरी वाया.

जिंकायचे ते वेगळेच. हिटमॉनचॅन, इलेक्टाबझ: उत्क्रांतीची वाट न बघणारे, ७० एचपीचे, एका एनर्जीवर पहिल्या फेरीपासून मारणारे. डब्यात हे दोघे असतील तर ते चकचकीत चॅरिझार्डच्या खाली दबलेले असतात.

२०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चॅरिझार्ड ईएक्स त्याच्या शेजारी ठेवा. एचपी ३३०. रेअर कँडी या पानाने मधली पायरी गाळून तो थेट दुसऱ्या फेरीत उभा राहतो. उतरताच गड्डीतून तीन फायर एनर्जी शोधून लावतो. हल्ल्याला दोनच एनर्जी, मार १८० पासून पुढे, समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक बक्षिसामागे (पोकेमॉन पाडला की उचलायचं पान) ३० जास्त. बदल्यात तो पडला की समोरच्याला एकाऐवजी दोन बक्षिसं मिळतात. आणि त्याचा प्रकार आगीचा नाहीच, अंधाराचा आहे.

खेळाचा वेग किती बदलला ते या दोन पानांवरून कळतं. जुनी गड्डी घेऊन कोणाशी खेळायला बसलात तर तुमचा चारमेलियन होईपर्यंत डाव संपलेला असेल.

[दृश्य: दोन गड्ड्या शेजारी-शेजारी पसरलेल्या.]

सांगाडा तोच राहिला आहे. साठ पानं, एका नावाची जास्तीत जास्त चार, मूळ एनर्जी हवी तितकी. सुरुवातीला सात पानं हातात, सहा बक्षिसाची पालथी, एक पोकेमॉन पुढे आणि बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागेत, पाच.

बदलली ती आतली भरती. १९९९ च्या ओव्हरग्रोथ या तयार गड्डीत साठपैकी २८ एनर्जी होत्या. आजच्या गड्डीत साधारण ८ ते १२ असतात, निम्म्याहून अधिक पानं ट्रेनरची, म्हणजे मदतीची. परतणारा माणूस हमखास पंचवीस एनर्जी भरतो आणि मग हातात नुसत्या एनर्जी धरून बसतो.

दुसरी चूक मूळ, म्हणजे उत्क्रांतीशिवाय थेट खाली ठेवता येणारे, पोकेमॉन कमी ठेवण्याची. गड्डीत ८ मूळ पोकेमॉन असतील, तर पहिल्या सात पानांत एकही न येण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के. १२ असतील तर १९ टक्के. एकही नसेल तर हात दाखवून परत पिसावं लागतं आणि समोरच्याला एक जादा पान घेता येतं. बक्षिसांचंही गणित आहे. एखादं पान गड्डीत एकच असेल, तर दहापैकी एका डावात ते बक्षिसांत अडकणार. म्हणून गड्डीत पहिल्यांदा शोध घ्याल तेव्हा काय नाही ते पाहून घ्या.

नियमांत सगळ्यात जास्त अडखळवतो तो सपोर्टर हा ट्रेनर पानांतला वर्ग. पूर्वी नवी पानं ओढून देणारे प्रोफेसर ओक आणि बिल एका फेरीत कितीही टाकता यायचे, म्हणजे हात टाका, सात घ्या, पुन्हा टाका, पुन्हा सात घ्या. २००२ पासून सपोर्टर हा वेगळा वर्ग झाला, फेरीत एकच. ओकचं काम पुढे प्रोफेसर्स रिसर्चकडे आलं, मजकूर जवळपास तोच, पण ते सपोर्टर आहे. गस्ट ऑफ विंडचं काम बॉसेस ऑर्डर्सकडे गेलं, तेही सपोर्टर. एकाच फेरीत पानंही ओढायची आणि समोरचा बेंचवरचा पोकेमॉनही पुढे खेचायचा, हे आता या दोन पानांनी जमत नाही. त्यातला निर्णय हाच आजच्या खेळाचा गाभा आहे.

शिवाय पहिली फेरी घेणाऱ्याला त्या फेरीत हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही टाकता येत नाही. विषारी पोकेमॉन पूर्वी गवताच्या प्रकारात होते, मग मानसिक शक्तीच्या, आता अंधाराच्या. परी हा प्रकार २०१४ मध्ये आला आणि २०२० मध्ये गेलाही.

[दृश्य: पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर.]

डब्यातली पानं स्पर्धेत चालतील का? बहुतेक नाही. २०२० पासून पानाच्या खाली डावीकडे एक अक्षर छापतात. दर वर्षी सर्वात जुनं अक्षर बाद होतं. एप्रिल २०२५ मध्ये 'एफ' गेलं. पान घेण्याआधी हे अक्षर वाचा, नाहीतर स्वस्तात मिळालेली गड्डी महिनाभरात बाद होते. मूळ एनर्जी मात्र कुठल्याही सालची चालते, परीची सोडून. १९९९ ची आगीची एनर्जी आजच्या गड्डीत घालणारे लोक मुद्दाम घालतात.

घ्यायचं काय? सुटी पाकिटं नकोत. एका पाकिटात दहा पानं आणि एक एनर्जी, त्यातून साठ पानांची नीट गड्डी कधीच जमत नाही. अगदीच नवखे असाल तर बॅटल अकॅडमी हा पट असलेला खोका घ्या, त्यात तीन गड्ड्या आणि शिकवणीची पुस्तिका असते. नियम येत असतील तर लीग बॅटल डेक ही तयार साठ पानं घ्या आणि कमी पडतील ती चार-सहा पानं सुटी विकत घ्या. त्याआधी फुकट सराव करायचा तर २०२३ मध्ये आलेलं टीसीजी लाइव्ह हे ॲप वापरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या टीसीजी पॉकेटवर शिकलात तर टेबलावर गोंधळ होईल. तिथे वीस पानं, एका नावाची दोनच, गड्डीत एनर्जी नाही आणि तीन गुणांत डाव संपतो.

[दृश्य: पाऊस. खिडकीजवळ वाकलेलं चकचकीत पान.]

कोकणात, मुंबईत, गोव्यात एक जादा काम आहे. चकचकीत पानातला कागद पावसाळ्यात ओल धरून फुगतो, वरचा चमकीचा थर फुगत नाही, म्हणून पान चित्राच्या बाजूला वाकतं. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन, काही लावू नका. पान स्लीव्हमध्ये घाला, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवा, मग जाड पुस्तकाखाली. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममधून, ज्याला उघडताच वास येतो, पानं लगेच काढा, नाहीतर ती चिकटतात.

वाकलेलं पान गड्डीत घालणं ही नुसती दिसण्याची अडचण नाही. गड्डी कापताना हात आपोआप त्याच ठिकाणी थांबतो, आणि स्पर्धेत ते खुणेचं पान धरलं जातं.

स्लीव्ह घेताना माप विचारा. पान ६३ × ८८ मिलिमीटर, स्लीव्ह ६६ × ९१ ची. यू-गी-ओ या दुसऱ्या कार्डखेळाची स्लीव्ह लहान असते, त्यात हे पान जात नाही, जबरदस्ती केली तर कोपरा दुमडतो. पाठ अपारदर्शक घ्या. साठ लागतात, पण थोड्या जास्त असलेलं पाकीट घ्या, पिसताना दोन-तीन फाटतातच.

पिसायचं ते रमीसारखं नाही. गड्डीचे दोन भाग करा आणि कडेकडून एकमेकांत सरकवा, निदान सात वेळा. टेबलावर सात-आठ ढीग पाडून गोळा करणं हे मोजणं झालं, पिसणं नव्हे. मग समोरच्याला कापायला द्या.

[दृश्य: दोन हात. सात पानं उचलली जातात.]

सात पानं उचला. मूळ पोकेमॉन आहे का बघा. असेल तर तो पालथा पुढे ठेवा, मग सहा पानं बक्षिसाची. नसेल तर हात उघडा करून दाखवा, गड्डीत मिसळा, आणि पुन्हा पिसायला घ्या.