आयर्विनला किती?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

मला विषय दिलाय 'अंतराळ मोहिमांचा खर्च आपल्याला परवडतो का?' हा प्रश्न मला पहिल्यांदा समोरासमोर विचारला गेला तो आपल्या सांगलीच्या विश्रामबागेत, चहाच्या गाड्यावर. २३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ. चांद्रयान-३ नुकतंच उतरलं होतं, चौकात फटाके चालले होते. शेजारी उभे असलेले जत भागातले एक पाहुणे बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "मास्तर, सहाशे पंधरा कोटी घातलं म्हणं वर. आमच्या वाडीवर पावसाळ्यात टँकर येतोय."

मी फिजिक्स शिकवलेला माणूस, लगेच टक्केवारी काढली. त्यानंतरचे आकडे घ्यायचे तर २०२४-२५च्या अर्थसंकल्पात अवकाश विभागाला साधारण १३,००० कोटी होते आणि केंद्राचा एकूण खर्च ४८ लाख कोटींच्या पुढे. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. अमेरिका चंद्रावर माणूस उतरवायच्या तयारीत होती तेव्हा, १९६६ साली, त्यांच्या केंद्रीय खर्चातले शंभरातले चार डॉलर नासाकडे जात होते. हे सगळं मी ऐटीत सांगितलं. पाहुण्यांनी ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "आणि टँकरला किती पैसं?"

त्या दिवसापासून मी टक्केवारी सांगणं सोडलं. आता सांगितली ती तुमच्यासाठी, हिशोब माहीत असावा म्हणून. पण खर्च कमी आहे एवढ्यावर तो योग्य ठरत नाही. बघायचं ते घेतलं काय आणि ते कुणाच्या हातात पडलं.

आधी हे काम महाग का, ते बघू. आपल्या भागात सगळ्यांना उतारा कळतो. शंभर टन ऊस गाळला आणि बारा टन साखर निघाली की चेअरमनचे फोटो लागतात. आता पीएसएलव्हीचा उतारा काढा. उड्डाणाच्या वेळी रॉकेटचं वजन ३२० टन. सहाशे किलोमीटर उंचीवरच्या ध्रुवीय कक्षेत ते पोचवतं जास्तीत जास्त पावणेदोन टन. अर्धा टक्का! असा कारखाना चार दिवसांत बंद पडेल. पण इथं इलाज नाही. कक्षेत टिकायचं तर सेकंदाला साडेसात किलोमीटर वेग लागतो. त्या वेगानं सांगली-पुणे अर्ध्या मिनिटात. तेवढा वेग द्यायला इंधन, ते इंधन उचलायला आणखी इंधन. सगळं वजन त्यातच जातं.

आणि इतकं करून रॉकेट एकदाच वापरायचं. ऊस कारखान्यावर टाकला आणि ट्रॅक्टर-ट्रॉली तिथंच सोडून चालत घरी आलात, तर पुढच्या खेपेला काय दर लावाल? अमेरिकेनं १९८१ ते २०११ स्पेस शटल चालवलं, १३५ उड्डाणं केली. तो ट्रॅक्टर परत यायचा खरा, पण दर खेपेला तपासणी आणि दुरुस्ती इतकी, की स्वस्ताई काही आली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा उभाच्या उभा जमिनीवर परत उतरला आणि २०१७ मध्ये असाच परत आलेला टप्पा पुन्हा उडाला. भाव खऱ्या अर्थानं मोडले ते तिथून. आपलं 'पुष्पक', म्हणजे पुन्हा वापरता येईल अशा यानाचा इस्रोचा नमुना, चित्रदुर्गाजवळच्या धावपट्टीवर तीन वेळा उतरलंय, हेलिकॉप्टरमधून सोडून. ती सुरुवात आहे, त्याच्यावर आत्ताच हार घालू नयेत.

मग मंगळयान ४५० कोटींत कसं बसलं? एक कारण मला फार आवडतं. मोठं रॉकेट नव्हतं म्हणून यानानं पृथ्वीभोवतीच फेऱ्या मारत कक्षा लांबवत नेली. नागपंचमीला पोरी उभ्यानं झोका चढवतात, तो बघा. झोका सगळ्यात खाली आला, वेग सगळ्यात जास्त झाला, की तिथंच गुडघ्यातून जोर. वर गेल्यावर दम घालवून उपयोग नसतो. यानही पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की इंजिन पेटवतं आणि पुढची फेरी लांब जाते. गणित वेगळं आहे, पण जोर कुठं लावायचा हे शहाणपण तेच. चांद्रयान-३ला चाळीस दिवस लागले ते यामुळे. अपोलोची माणसं चार दिवसांत जात होती.

आता दुसरं कारण, जे पेढे वाटताना कुणी सांगत नाही. मंगळयानावर उपकरणं होती पंधरा किलोची. त्याच सुमारास अमेरिकेचं मेव्हन यान मंगळाकडे गेलं, त्यावर होती पासष्ट किलोची. सिनेमाच्या खर्चापेक्षा आपलं यान स्वस्त, असं म्हणून आपण टाळ्या घेतो. मला त्या टाळ्या खटकतात. आपल्या इंजिनिअरांनी कमी पैशांत यान पोचवलं याचा अभिमान जरूर धरा, पण बाजारात पाव किलो घेऊन आलेल्यानं एक किलोवाल्याला 'मी स्वस्तात आणलं' म्हणू नये.

माझं खरं म्हणणं आता. ऑगस्ट २०१९चा महापूर. इथल्या प्रत्येकाला तो आकडा पाठ आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७च्या वर. आमच्या गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा मी जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं रेघा मारत बसलो होतो. दर तासाला एक रेघ, शेजारी वेळ. मुलीचा पुण्याहून फोन आला, "बाबा, टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा दाखवतायत, सांगली सगळी निळी दिसतीय." मी म्हटलं, "ते मला खिडकीतनं दिसतंय. सकाळी पाणी कितव्या पायरीला असेल, ते विचार."

ते सांगायला काय लागतं? ढगांतून आणि अंधारातून बघणारे रडार उपग्रह लागतात, कारण पूर येतो तेव्हा आभाळ उघडं नसतं. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासानं मिळून सोडलेला निसार तसा आहे. पण त्याच वाटेवर परत यायला त्याला बारा दिवस लागतात आणि कृष्णा काही बारा दिवस थांबत नाही. दुसरा एक रडार उपग्रह, ईओएस-०९, मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडानं गेला. म्हणजे आणखी उपग्रह हवेत. शिवाय पाणी कुठवर पसरलं हे वरून दिसतं. किती चढेल हे कोयनेचा विसर्ग, पर्जन्यमापक आणि गल्लीगल्लीची जमिनीची उंची सांगते. हे सगळं एकत्र जुळवून रात्री दहाला मोबाईलवर 'तुमची पायरी आठवी' असं यायला पाहिजे. ओडिशात हे झालं. १९९९च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३च्या फायलिनमध्ये मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. उपग्रह होतेच, पण निवारे होते, आणि इशारा गावापर्यंत पोचून लाखो माणसं आधी हललेली होती.

म्हणून 'अवकाशावर खर्च कशाला' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मी म्हणतो, रडारवर कमी होतोय. माणसाला अंतराळात नेणाऱ्या गगनयानाची तरतूद २०२४ मध्ये २०,१९३ कोटींवर गेली, त्यात आपल्या अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आला. २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असंही ठरलंय. माणूस जावा, मलाही बघायचाय, वय साथ देत असेल तर. पण मला क्रम विचाराल तर आधी दोन-तीन दिवसाआड सांगलीवरून जाणारी रडारं, मग माणूस.

मागच्या बाकांवरच्या पोरांचे चेहरे दिसतायत मला, हे त्यांना अजिबात पटलेलं नाही. माईक त्यांच्याकडे द्या.