माती खाणारं लेकरू

(सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांसमोर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

बायांनो, कुणाचं लेकरू माती खातं? भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल? हात वर करा. बघा किती हात आहेत!

तुम्ही म्हणता, वाईट खोड लागलीय, आणि त्याला धपाटा घालता. मारू नका. पुष्कळदा त्या लेकराच्या अंगात लोह कमी पडलेलं असतं. ते पांढुरकं दिसतं, चिडचिड करतं, खेळता खेळता दमून बसतं. रक्त तपासलं की हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली पाच वर्षांखालची शंभरातली ६७ मुलं अशीच निघाली. जंतही रक्त पितात, म्हणून अंगणवाडीतली जंताची गोळी चुकवू नका. पण खरी गोष्ट ताटात आहे.

बाळ जन्मतं तेव्हा आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून उष्टावणानंतर वरचं खाणं नीट हवं. आपण काय करतो? डाळीचं वरचं पाणी पाजतो. अहो, डाळ तर खाली राहिली! ती घोटून, घट्ट, तूप घालून भरवा.

आणि चहा. तुमच्या मांडीवर विड्यांचं सूप असतं, हजार पुरा करायचा असतो, लेकरू रडतं. मग चहात बुडवलेली खारी त्याच्या हातात जाते. पोट भरतं, लेकरू गप्प होतं. तुमची अडचण मला कळते. पण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि भरलेल्या पोटात भाकरी जात नाही. लहान मुलांना चहा नकोच. त्याऐवजी डाळीत कुस्करलेली भाकरी द्या, मेथी, हरभरा, शेंगदाण्याचं कूट, अंडं चालत असेल तर अंडं. वर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, ही नुसती समजूत आहे.

दिवेलागणीला मूल अडखळत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल. त्याचे डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत मिळतात. आणि पाय धनुकलीसारखे वाकले तर तो मुडदूस असू शकतो, म्हणजे अंगाला ऊन कमी मिळाल्यानं हाडं मऊ पडणं. सोलापुरात उन्हाला काय तोटा? पण एका खोलीत वाढणाऱ्या लेकराच्या अंगावर ते पडतच नाही. त्याला बाहेर खेळू द्या.

आता औषधाचं. लोहाचं औषध सुरू केलं की शी काळी होते. घाबरून बाटली फेकणाऱ्या आया मी दर आठवड्याला बघते. काळी शी म्हणजे अपाय नव्हे. गालावर लाली आली तरी थांबू नका, पुढे दोन-तीन महिने औषध चालू ठेवायचं असतं. आणि बाटली लेकराच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. गोड म्हणून एकदम प्यायलं तर जिवावर बेतेल.