कराराचा कोश आणि दोन दुभत्या गायी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कराराच्या कोशाचा पाडाव आणि त्याचा अर्थ’. अर्थाकडे येतोच, पण आधी बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाची, अध्याय चार ते सहा, जरा उजळणी करू. कोश तुम्हाला माहीत आहे: बाभळीच्या लाकडाची, सोन्याने मढवलेली पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, आत दहा आज्ञांच्या दगडी पाट्या.

इस्राएली शेजारच्या शत्रूंकडून, पलिष्ट्यांकडून, मार खातात, ४,००० माणसं पडतात. मग वडीलधारे बसतात. ‘परमेश्वराने आज आपल्याला का मारलं?’ असा अगदी रास्त प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी क्षणभरही न थांबता ठरवून टाकतात की शिलोच्या देवस्थानातून कोश आणायचा. समित्या तेव्हाही अशाच चालत. कोश छावणीत आल्यावर असा जयघोष होतो की जमीन दणाणते. दुसऱ्या लढाईत ३०,००० पडतात, शिलोचा याजक एली याचे दोन्ही मुलगे मरतात, कोश जातो. ९८ वर्षांचा एली मुलं गेल्याचं ऐकून घेतो. कोशाचं नाव निघाल्यावर मात्र आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो.

पलिष्टी कोश आपल्या अश्दोद शहरात, त्यांचा देव दागोन याच्या देवळात ठेवतात. सकाळी दागोन पालथा. उचलून बसवतात. दुसऱ्या सकाळी पुन्हा पालथा, मुंडकं आणि हात तुटून उंबऱ्यावर. मग गाठींची साथ येते आणि कोश अश्दोदहून गथला, गथहून एक्रोनला जातो, नकोशा अधिकाऱ्याची बदली व्हावी तसा. एक्रोनचे लोक तर तो येताना बघूनच ओरडायला लागतात.

आता गायी. इथे मी दर वेळी रेंगाळतो, आजही रेंगाळणार. सात महिन्यांनी पलिष्ट्यांचे पुजारी आणि शकुन बघणारे उपाय सांगतात: सोन्याच्या पाच गाठी, सोन्याचे पाच उंदीर, नवी गाडी आणि तिला दोन दुभत्या गायी, ज्यांच्या मानेवर कधी जू पडलेलं नाही. वासरं घरी कोंडायची. गायी आपणहून बेथ-शेमेशच्या, म्हणजे इस्राएली गावाच्या, वाटेला लागल्या तर हे इस्राएलाच्या देवाचं काम, नाहीतर योगायोग. ज्यांनी गुरं राखलीत त्यांना यातली मेख लगेच कळेल. न शिकवलेली दोन जनावरं एका जुवाखाली घातली तर एक इकडे ओढते, दुसरी तिकडे. त्यात पान्हा दाटलेला आणि वासरू मागे हंबरतंय. ती परत गोठ्याकडेच धावणार. म्हणजे निकाल ‘योगायोग’ लागावा अशीच सगळी मांडणी आहे! तरी त्या जातात. मजकूर म्हणतो, हंबरत जातात, उजवीडावीकडे वळत नाहीत.

आमच्या लहानपणी या गोष्टीच्या चित्रात चक्क बैल होते. प्रवचनांत गायी असतात, पण आनंदाने दुडक्या चालीने निघालेल्या. हंबरणं गाळलं की गोष्टीचा जीवच गेला. ओढ सुटलेली नाही, आणि तरी पाय पुढे. शिवाय पोचल्यावर बक्षीस काय? गहू कापणारे लोक हर्षभरित होऊन गाडी फोडतात आणि त्याच लाकडांवर गायींचा होम करतात. गुरांचं होमार्पण असेल तर नर हवा, हा लेवीय या पुस्तकातला नियम त्या गडबडीत कुणाला आठवत नाही. वासरांचं पुढे काय झालं, ते मजकूर सांगत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर अर्थ. हरलेल्याचा देव उचलून नेणं ही त्या काळची रीतच. बाबेलचा (बॅबिलॉनचा) देव मर्दूक, म्हणजे त्याची मूर्ती, २० वर्षं अश्शूरात होती, इ.स.पू. ६६८ मध्ये परतली. ‘आमचा देव आमच्यावरच कोपला’ हेही सगळेच म्हणत. इस्राएलाच्या शेजारच्या मवाबचा राजा मेशा आपल्या शिलालेखात आपला देव कमोश याच्याबद्दल तेच म्हणतो. मग इथे वेगळं काय? एक, कोश सैन्याशिवाय, एकटा, शत्रूच्या मुलखात जिंकतो. अख्ख्या प्रकरणात संदेष्टा शमुवेलाचा पत्ता नाही. दोन, मिसर (इजिप्त) आणि तिथल्या राजाचं, फारोचं, कठीण झालेलं मन यांची आठवण पलिष्ट्यांच्या तोंडी येते, इस्राएलींच्या नाही. तीन, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, परत आल्यावर तो बेथ-शेमेशच्या स्वकीयांनाही मारतो, कारण त्यांनी आत डोकावून पाहिलं. मेले ७०, हिब्रू पाठात ५०,०७० असा आकडा येतो, पण एवढ्याशा गावाला तो झेपत नाही. तेही मग पलिष्ट्यांसारखंच विचारतात, हा आता कुणाकडे पाठवायचा? थोडक्यात, ज्याच्या ताब्यात पेटी त्याच्या ताब्यात देव, ही दोन्ही छावण्यांची समजूत कथा मोडून काढते. पाडाव लोकांचा झाला, देवाचा नाही.

बाबेलने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमचं मंदिर जाळलं तेव्हा हे कामी आलं. २ राजे, २५ मध्ये लुटीची यादी आहे: खांब, हंड्या, फावडी. कोश नाही. तो कुठे गेला, इथिओपियातल्या अक्सूमला आहे का, हे कृपया आज विचारू नका, त्यात अख्खी संध्याकाळ जाते. त्यापेक्षा संदेष्टा यिर्मयाचं पुस्तक उघडा. सातव्या अध्यायात तो मंदिराच्या भरवशावर बसलेल्यांना देवाच्या शब्दांत म्हणतो, शिलोला जाऊन बघा मी काय केलं ते. आणि तिसऱ्यातलं सोळावं वचन तर घरी जाऊन वाचाच: कोशाची कुणाला आठवण राहणार नाही, त्याची उणीव भासणार नाही, तो पुन्हा घडवलाही जाणार नाही.