बीज तेच, आवाज तोच

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ग्रॅन्युलर प्लगइनमध्ये कोणती फीचर्स असावीत’. म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे बारीक कण करून त्यांतून नवा आवाज रचणारा, संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्रॅम. त्याकडे येतोच. पण आधी मिरजेला जाऊन येऊ, कारण मला जे सांगायचंय त्याची सुरुवात तिथं आहे.

आमचे चुलते गातात, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. त्यांचा तंबोरा दोनेक वर्षं बसल्यासारखा वाजत होता. तारा बदलून झाल्या, पण आवाज उठेना. शेवटी मागच्या सीटवर आडवा ठेवून मिरजेला नेला. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे तुम्हाला ठाऊक आहेच. कारागिरांनी तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढली, कानशीनं हलक्या हातानं घासली, परत बसवली आणि मग तारेखाली दोरा सरकवायला लागले. जवारी लावणं म्हणतात ते हे. (समोर कुणीतरी हसलं. होय, तंबोऱ्याची जवारी. शाळूच्या भाकरीचा विषय जेवणाच्या वेळी काढू.) दोरा केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं. प्रत्येक वेळी तार छेडायची आणि कान लावायचा. अर्धा तास नुसतं हेच चाललं होतं. आणि एका जागी तार अशी उघडली की दुकानातली सगळी माणसं बोलायची थांबली. घोडीच्या बाकावर तार घासत वाजते, त्यातून वरचे स्वरांश बाहेर पडतात, हे पुस्तकात वाचलं होतं. समोर घडताना पाहिलं की अंगावर काटा येतो.

मी कुतूहलानं त्या दोऱ्याकडं बोट नेलं. ते म्हणाले, “आता हात लावायचा न्हाई. गावलंय ते.”

पन्नासेक किलोमीटर खड्ड्यांतून घरी आलो. तारा उतरल्या होत्या, त्या चढवून मिळवल्या. जवारी मात्र तशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तशीच. शोधताना सगळा योगायोग होता, पण एकदा सापडल्यावर ती जागा त्या दोऱ्यानं धरून ठेवली.

आता माझं दुखणं सांगतो. त्याच तंबोऱ्याचा चार सेकंदांचा तुकडा मी रेकॉर्ड केला. एका हौशी नाटकमंडळाला पहाटेच्या प्रवेशासाठी पार्श्वध्वनी हवा होता. एक ग्रॅन्युलर प्लगइन घेतलं, नाव सांगत नाही. तुकडा आत टाकला, कण चाळीस मिलिसेकंदांचे ठेवले, तुकड्यातून कण उचलायची जागा थोडी विस्कटली, स्वर थोडा विस्कटला. तीन तास कानाशी खेळत बसलो. रात्री साडेअकराच्या सुमाराला असा काही ढग जमला की पंचमातून कुणीतरी हळूच गुणगुणतंय असं वाटावं. सगळी बटणं जशीच्या तशी सेव्ह केली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी तालमीत प्रोजेक्ट उघडला. बटणं सगळी तिथंच, आकडा न आकडा तोच. पण आवाज दुसराच. ढग होता, ते गुणगुणणं नव्हतं. दिग्दर्शिका म्हणाली, “काल फोनवर ऐकवलंस ते लाव की.” ते कुठं शिल्लकच नव्हतं. प्लगइननं यदृच्छेचे, म्हणजे रँडम, आकडे नव्यानं काढले होते, आणि आदल्या रात्रीचे कुठंही टिपून ठेवले नव्हते. तुम्ही म्हणाल, ऑडिओ फाइल करून ठेवायची. प्रवेशाची लांबी ठरायची होती हो! फाइल केली की ती मेलेल्या माशासारखी, ना लांबवता येते ना वळवता येते. आजही ती तालीम आठवली की मला वाईट वाटतं. ते गुणगुणणं मला परत कधीच मिळालं नाही.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. ज्या वाद्यात योगायोग आहे, त्यात त्या योगायोगाकडे परतायची वाट असलीच पाहिजे. बाकीची फीचर्स त्याच्या मागून.

इतिहास दोन मिनिटांत. आवाजाचे अगदी बारीक कण मानता येतील हा विचार डेनिस गॅबर यांनी १९४६-४७ च्या सुमाराला मांडला. होलोग्राफीसाठी १९७१ चं नोबेल मिळालेले तेच गॅबर. संगीतकार यानिस झेनाकिस यांनी पन्नासच्या दशकाच्या शेवटी टेपचे बारीक तुकडे कापून, चिकटवून अशी रचना केली. विचार करा, हातानं! सत्तरच्या दशकाच्या मध्याला कर्टिस रोड्स यांनी ते संगणकावर आणलं आणि १९८६ मध्ये बॅरी ट्रूॲक्स यांनी वाजवता वाजवता कण पाडून दाखवले. आज तेच काम तुमच्या लॅपटॉपवर चहा पिता पिता होतं.

तर परतीची वाट. संगणकाची यदृच्छा खरी यदृच्छा नसते. एका आकड्यापासून पुढची सगळी माळ निघते, त्या आकड्याला मी बीज म्हणतो. बीज तेच, तर माळ तीच. म्हणजे बीज प्रोजेक्टमध्ये साठवलं की झालं? नाही! इथंच बरेच जण थांबतात आणि इथंच घोळ होतो.

पहिला घोळ. तुम्ही गाणं सुरुवातीपासून न लावता मधल्या आवर्तनापासून लावलंत, तर माळेतला पहिला मणी तिथं येऊन पडतो आणि सगळं सरकतं. म्हणून माळ ओढत बसायचं नाही. बीज आणि कणाचा टाइमलाइनवरचा क्रमांक, या दोघांवरूनच त्या कणाचा आकडा काढायचा. मग कुठूनही या, समेवर तोच कण पडणार. अल्लादियाखाँसाहेब ज्या दरबारात गायले त्या कोल्हापुरात समेचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

दुसरा घोळ जास्त छुपा आहे. जागा, स्वर, डावं-उजवं, सगळ्यांचे आकडे एकाच माळेतून काढले आणि तुम्ही मध्येच डावं-उजवं पसरवायचं बटण चालू केलंत, तर त्यानं एक मणी जास्त उचलला आणि जागांची, स्वरांचीही उलथापालथ झाली. ऐकणाऱ्याला कळत नाही की डावं-उजवं फिरवल्यावर सूर का बदलला. प्रत्येक बटणाची माळ वेगळी हवी.

तिसरा घोळ बफरचा. संगणक आवाजाचे नमुने एकेक न हाताळता गठ्ठ्यानं हाताळतो, तो गठ्ठा म्हणजे बफर. ४८,००० हर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. कण फक्त बफरच्या तोंडाशी सुरू होत असतील, तर घरी ६४ वर एक आवाज आणि स्टुडिओत ५१२ वर दुसरा. कण नेमक्या नमुन्यावर सुरू झाला पाहिजे.

आणि पडद्यावर काय हवं? एक ‘फासा’ बटण, नवं बीज टाकायला. आणि त्याच्या शेजारी मागच्या बीजांची यादी, निदान पन्नासांची. रात्री साडेअकराला सापडलेलं तिथं असेल. कारागिराचा दोरा तो हाच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतायत. पत्रिकेवरचा विषय आता पळतच सांगतो.

कणाची लांबी मिलिसेकंदात दाखवा, पण स्वराशी जोडायची सोयही द्या. काळी एकच्या जोडीच्या तारा सुमारे १३८.६ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा. म्हणजे खर्जाची एक लाट १४.४ मिलिसेकंदांची. दहाचा कण घेतलात तर त्यात खर्जाची एक लाटसुद्धा मावत नाही, मग खर्ज ऐकू कसा येणार?

कण ठरावीक अंतरानं पाडले तर त्या अंतराचाच सूर लागतो. दर दहा मिलिसेकंदाला एक कण, की १०० हर्ट्झची घरघर. ती हवी असेल तर ठीक. नको असेल तर अंतरात थोडी अनियमितता घालायचं बटण पुढं ठेवा, मेनूत पुरू नका.

सेकंदाला ५० कण, प्रत्येकी ४० मिलिसेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी दोन एकमेकांवर. लांबी वाढवली की ही संख्या वाढते आणि आवाज चढतो. विस्कटलेल्या कणांसाठी त्या संख्येच्या वर्गमुळानं भागा, नाहीतर वाजवणाऱ्याला मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज असा भास होतो.

स्वराचं बटण फक्त अर्ध्या स्वरांच्या पायऱ्यांवर अडकवू नका. आपला पंचम तीनास दोन, ७०२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोचा ७००. एका कणात कळणार नाही, पण शेकडो कण तंबोऱ्यावर पडले की तो दोन सेंटांचा फरक हळू हेलकाव्यासारखा ऐकू येतो. गुणोत्तर लिहायची जागा द्या, आणि सा कोणता ते एकदाच विचारा.

प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी एकच वाक्य: कणांची जागा आधीच राखून ठेवा, आवाजाच्या धाग्यात नवी मेमरी मागू नका, लॉक लावू नका.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो, फक्त एवढं ऐका. हा चुलत्यांचा तंबोरा, बीज ४१२७. आधी सुरुवातीपासून वाजवतो. मग प्रोजेक्ट बंद करून, पुन्हा उघडून, तिसऱ्या आवर्तनापासून. मागचे दिवे जरा मालवता का?