पडक्या घराचं भाडं

नमस्कार श्रोतेहो.

मोडकळीला आलेलं घर स्वस्तात घ्यायचं, थोडी डागडुजी करायची आणि भाड्यानं द्यायचं, हा बेत कागदावर फार देखणा दिसतो. वर्षाला किमतीच्या 10 टक्के भाडं! पण हे खर्च वजा करायच्या आधीचं. घर एक महिना रिकामं राहिलं, की वर्षाच्या भाड्यातले 8 टक्क्यांहून जास्त गेले. दोन महिने राहिलं, की सहावा हिस्सा गेला. गळक्या घरात भाडेकरू टिकत नाही, हे ओघानं आलंच. कर्जाचा हप्ता मात्र घर रिकामं आहे म्हणून थांबत नाही.

मला विचाराल, तर असं घर मुळात स्वस्त नसतंच. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं पुढं ढकललेली दुरुस्ती तुम्ही विकत घेत असता.

ती शोधायची कुठं? सगळ्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर तिथं थांबा. नाण्यानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटलाय. छताला खालून सळईच्या रेषेत सरळ भेग गेली असेल, तर बहुधा आतलं लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतूनच फोडतो. वरून सिमेंट लिंपलं की भेग दिसायची थांबते, गंजणं चालूच राहतं. मग सगळे नळ एकदम सोडा. जुन्या लोखंडी पाइपात गंजाचे थर साचले असतील, तर दुसरा नळ सोडताच पहिल्याची धार बारीक होते. पाइप बदलायचे म्हणजे फरशी नि भिंती फोडायच्या. पाइपापेक्षा फोडाफोडीच महाग पडते. आणि शक्यतो जोरदार पाऊस पडून गेल्यावर घर बघायला जा. विकणारे नेमके उन्हाचा दिवस सुचवतात!

कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्यायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आत भाडेकरू असेल, तर त्याच्याशी मालकाच्या माघारी बोला. थकबाकी किती, अनामत रक्कम कुणाकडे, हे लेखी घ्या. उद्या तो ती तुमच्याकडेच मागणार. विम्याची अटही वाचा. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं, तर बऱ्याच पॉलिसींत भरपाईला कात्री लागते. आणि दुरुस्तीच्या काळात घर रिकामंच असतं.

ताबा मिळाल्यावर अनेक जण आधी स्वयंपाकघर चकचकीत करतात. पण क्रम असा हवा: आधी छत, मग वायरिंग, मग पाणी. जुन्या वायरिंगच्या घरात माणसं राहायला ठेवणं हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, त्यांच्या जिवाचा आहे.

सौद्याच्या आधीच ठेकेदाराकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. भिंत उघडल्यावर नवं काही निघतंच, म्हणून त्यावर थोडी भर घाला आणि तो आकडा किमतीतून वजा करून मागा. विकणारा तयार नसेल, तर दुसरं घर बघा.

नमस्कार.