ध्रुवीय समुद्रातला गाळ कोणत्या नदीचा?

मित्रहो, सैबेरियाच्या नकाशावर तीन मोठ्या नद्या उत्तरेकडे वाहताना दिसतात. ओब आणि येनिसेई कारा समुद्राला मिळतात, लेना लाप्तेव्ह समुद्राला. जगातल्या सागरी पाण्यापैकी जेमतेम 1 टक्का पाणी आर्क्टिक महासागरात आहे, पण जगभरच्या नद्यांचं सुमारे 10 टक्के पाणी तिथे जाऊन पडतं. त्यासोबत गाळही येतो. तळावरून काढलेला चिमूटभर चिखल कोणत्या नदीचा, हे ओळखायचं कसं, एवढ्यावरच आज बोलतो.

पहिली खूण चिकणमातीच्या खनिजांची. येनिसेईच्या काही उपनद्या पुतोराना पठारावरून येतात. हे पठार सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखंच बेसॉल्टचं. बेसॉल्ट झिजून स्मेक्टाइट तयार होतं. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच खनिजामुळे. प्रयोगशाळेत नेमका हाच गुण कामी येतो. 2 मायक्रॉनपेक्षा बारीक कण वेगळे काढून काचपट्टीवर त्यांचा पातळ थर देतात, तो वाळवतात आणि क्ष-किरणांनी तपासतात. मग तीच पट्टी ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून पुन्हा तपासतात. ग्लायकॉल शोषून स्मेक्टाइट फुगतं, त्याच्या पापुद्र्यांमधलं अंतर 14-15 वरून 17 अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) जातं आणि क्ष-किरणांच्या आलेखातलं शिखर सरकतं. इलाइट या न फुगणाऱ्या चिकणमातीच्या खनिजाचं शिखर 10 वरच राहतं. लेनेच्या गाळात हे इलाइट जास्त असतं.

आता अडचण अशी, की ओबच्या गाळातही स्मेक्टाइट भरपूर असतं. मग ओब आणि येनिसेई वेगळ्या कशा करायच्या? इथे चुंबकत्व मदतीला येतं. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे येनिसेईचा गाळ चुंबकीय क्षेत्राला जोरदार प्रतिसाद देतो, ओबचा क्षीण. निओडिमियम या धातूची समस्थानिकंही (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) बेसॉल्टचा गाळ जुन्या खंडीय खडकांच्या गाळापासून वेगळा काढतात. एका खुणेवर निकाल देऊ नये असं मला ठामपणे वाटतं, ते यासाठीच. शिवाय तुलना नेहमी एकाच जाडीच्या कणांची हवी. एकीकडची वाळू आणि दुसरीकडची चिकणमाती ताडून पाहिली, तर फरक नदीचा की कणांच्या आकाराचा, तेच कळणार नाही.

त्यातही खडकाचं गाव सापडलं म्हणजे प्रवास कळला असं होत नाही. गोड्या पाण्याला खारं पाणी भेटलं की बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि बराचसा गाळ मुखापाशीच बसतो. पण लाप्तेव्ह समुद्र उथळ आहे. हिवाळ्यात किनाऱ्याकडून येणारा वारा बर्फाला खुल्या समुद्राकडे ढकलतो, उघडं पडलेलं पाणी ढवळतं, पुन्हा गोठतं आणि तळाचा चिखल त्या नव्या बर्फात अडकतो. तो बर्फ ध्रुव ओलांडून ग्रीनलंड आणि नॉर्वेची स्वालबार्ड बेटं यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीकडे वाहत जातो. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याने 1893 ते 1896 या काळात ‘फ्राम’ जहाज बर्फात मुद्दाम अडकवून हाच प्रवाह सिद्ध केला. बर्फ वितळतो तिथे सैबेरियाची माती तळाला जाते. स्वालबार्डवर भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. म्हणजे या वाटेच्या टोकाशी आपलीही माणसं कामाला जातात.

सर्वांत अवघड पेच किनाऱ्याचा आहे. लाप्तेव्हच्या काठची हजारो वर्षं गोठलेली माती वितळून समुद्रात ढासळते आहे. हा गाळ नद्यांनी आणलेल्या गाळाहून जास्त भरतो, असा अंदाज आहे. त्यातली काही माती पुरातन काळी नद्यांनीच आणून टाकलेली, त्यामुळे खनिजं पाहून ती ताज्या गाळापासून वेगळी करता येतेच असं नाही. तेव्हा सेंद्रिय द्रव्यातल्या कार्बन-14 कडे, म्हणजे काळानुसार घटत जाऊन वय सांगणाऱ्या किरणोत्सारी कार्बनकडे, वळावं लागतं. किनाऱ्याच्या मातीतला कार्बन हिमयुगातला निघतो, नदीतल्या कार्बनमध्ये नव्या झाडापाल्याचा वाटा मोठा असतो. हा निवाडा तातडीचा आहे. जुन्या कार्बनपैकी किती तळाशी गाडला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, हा हिशेब मांडायचा तर आधी कोणती माती कुठून आली ते ठरवावंच लागतं.