वल्हेकऱ्यांचं अथेन्स

(दृश्य : प्निक्स टेकडी, मागे अक्रोपोलिस)

अथेन्समधली ही प्निक्स टेकडी. कातळात कोरलेला चौथरा दिसतोय, ती वक्त्याची जागा. आज शिल्लक आहे ते बांधकाम इ.स.पू. चौथ्या शतकातलं; पण सभा त्याआधी शंभराहून अधिक वर्षं इथे भरत होती. सभेत ललकारी व्हायची, "कुणाला बोलायचं आहे?" आणि कुठलाही नागरिक पुढे येऊन बोलू शकायचा, मग तो जमीनदार असो, कुंभार असो की मजुरीवर जगणारा. युद्ध की तह, जहाजं किती बांधायची, सेनापती कोण, हे सगळं उघड्या आभाळाखाली हात वर करून ठरत असे.

ही घडी बसवली क्लेइस्थेनीसने, इ.स.पू. 508 च्या सुमाराला. त्याने जुन्या कुळांची पकड मोडली आणि नागरिकांच्या दहा नव्या जमाती केल्या. प्रत्येक जमातीत थोडा शहराचा भाग, थोडा किनाऱ्याचा, थोडा आतल्या शेतीचा. किनाऱ्यावरचा कोळी आणि आतला शेतकरी एकाच जमातीत मतदार झाले, आणि लढाईलाही एकाच तुकडीत उभे राहू लागले. प्रत्येक जमातीतून 50 असे 500 जण वर्षभर मंडळावर बसत आणि सभेपुढचे विषय तयार करत.

(दृश्य : अगोरा संग्रहालय, संगमरवरी शिळा जवळून)

आता ही शिळा नीट पाहा. बारीक खाचांच्या ओळीच्या ओळी आहेत. प्रत्येक खाचेत एकेका नागरिकाच्या नावाची पट्टी बसायची. बाजूच्या नळीत पांढऱ्या-काळ्या गोट्या वरून सोडायच्या आणि खालून एकेक बाहेर काढायची. पांढरी आली, की ती अख्खी ओळ कामावर. काळी आली, की ती अख्खी ओळ घरी. ही शिळा थोडी नंतरच्या काळातली आहे, पण चिठ्ठी टाकून माणसं निवडायची रीत पाचव्या शतकातही पक्की होती. मंडळाचे सभासद, न्यायालयातले पंच, बहुतेक अधिकारी असेच निवडले जात. इथे पैसा चालत नव्हता आणि घराणंही चालत नव्हतं.

सेनापतींना मात्र ही सवलत नव्हती. लढाईचं काम नशिबावर सोडायला अथेन्सची जनता तयार नव्हती. दहा सेनापती हात वर करून निवडले जात, तेही एकाच वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा लोकांपुढे जायचं. पेरिक्लीस लागोपाठ पंधरा वर्षं निवडून आला असं सांगतात, आणि त्याच पेरिक्लीसला इ.स.पू. 430 मध्ये याच लोकांनी पदावरून काढून दंड ठोठावला. त्या काळी दुसऱ्या कुठल्या राज्यात इतक्या मोठ्या नेत्याला असं उत्तर द्यावं लागत होतं?

(दृश्य : खापऱ्या, अक्षरं जवळून)

या खापऱ्या म्हणजे मतपत्रिका. फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर टोकदार वस्तूने नाव कोरायचं. कॅमेरा थांबलाय त्या तुकड्यावर अक्षरं वाकडीतिकडी आहेत, पण वाचता येतात: थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा मुलगा. सहा हजार मतं पडली, की ज्याच्या नावाच्या खापऱ्या सर्वांत जास्त, त्याला दहा वर्षं शहराबाहेर. आरोप नाही, खटला नाही, मालमत्ताही शाबूत. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे 190 खापऱ्या सापडल्या, आणि त्यांवरचं अक्षर जेमतेम चौदा हातांचं आहे. म्हणजे कुणीतरी बसून त्या आधीच कोरून ठेवल्या होत्या, वाटण्यासाठी. निवडणुकीची तयारी तेव्हाही रात्र जागून होत असणार!

(दृश्य : लाव्रिओ, खनिज धुण्याचे हौद)

याच थेमिस्टोक्लीसची कामगिरी समजायची, तर इथे, अथेन्सच्या दक्षिणेला लाव्रिओच्या चांदीच्या खाणींवर यावं लागतं. दगडी उतरंडीवर दळलेलं खनिज पसरायचं, वरून पाण्याची धार सोडायची. हलकी माती वाहून जाते, चांदी-शिशाचे जड कण मागे राहतात. पाणी पुन्हा वापरता यावं म्हणून हौद गिलाव्याने लिंपलेले आहेत. तो गिलावा आजही बोटाला गुळगुळीत लागतो. खाली बोगद्यांत राबत होते ते गुलाम, आणि त्यांना सभेच्या त्या टेकडीवर जागा नव्हती. स्त्रियांनाही नव्हती.

इ.स.पू. 483 च्या सुमाराला इथे चांदीचा मोठा साठा लागला. रूढी अशी, की असा पैसा नागरिकांत वाटायचा. माणशी दहा द्राख्मा, म्हणजे चांदीची दहा नाणी, येणार होते. थेमिस्टोक्लीस सभेपुढे उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. इराणच्या दूरच्या संकटाची भीती त्याने घातली नाही. समोरच दिसणाऱ्या एजिना बेटाशी चाललेल्या वैराचं कारण पुढे केलं. ज्यांच्या हातात दहा द्राख्मा पडणार होते, त्यांनीच ते सोडण्याच्या बाजूने हात वर केले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, यातून दोनशे जहाजं ठरली. नेतृत्व म्हणतात ते हे. हुकूम देण्याची सोय नसताना गरीब माणसाला त्याच्या हातचा पैसा सोडायला राजी करणं.

(दृश्य : 'ऑलिंपियास' जहाज, मग वल्ह्यांच्या रांगा)

हे त्या काळच्या युद्धनौकांच्या धर्तीवर बांधलेलं जहाज, 1987 मध्ये पाण्यात उतरलेलं. वल्ही 170. वरच्या रांगेत 62, मधल्या आणि खालच्या रांगेत 54-54. एका वल्ह्याला एक माणूस. सर्वांत खालच्या माणसाला समुद्र दिसत नाही; वरच्याची पावलं आणि समोरच्याची पाठ, एवढंच. पाणी आत येऊ नये म्हणून खालच्या भोकांना कातड्याच्या बाह्या. बासरीच्या तालावर 170 वल्ही एकदम पडली तरच जहाज धावतं, एक चुकलं की शेजारचं अडतं. वल्हेकरी स्वतःचं वल्हं, बसायची गादी आणि वल्ह्याची वादी बाळगत. यांतले कितीतरी जण जमीन नसलेले नागरिक होते. चिलखत परवडत नव्हतं, म्हणून पायदळात जागा नव्हती.

(दृश्य : पेरामाहून सलामिसकडे जाणारी फेरी)

इ.स.पू. 480. शहर रिकामं केलेलं, अक्रोपोलिस जळालेला. पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी इराणचा राजा झर्क्सीस आसनावर बसून पाहत होता. ही खाडी किती अरुंद आहे, ते फेरीतून दिसतंच. इराणचं अवाढव्य आरमार इथे आत शिरलं आणि आपल्याच गर्दीत अडकलं. अथेन्सची 180 जहाजं त्या दिवशी लढली. म्हणजे तीस हजारांवर वल्ही.

यानंतर सभेतलं वजन बदललं. लोकशाहीला तीव्र विरोध करणाऱ्या एका अनाम अथेन्सकराने लिहून ठेवलंय की गरिबांना तिथे जास्त अधिकार असणं रास्तच आहे, कारण जहाजं तेच चालवतात. विरोधकाच्या हातची ही कबुली आहे.

(दृश्य : 'ऑलिंपियास' खुल्या समुद्रात)

इ.स.पू. 427. मित्र असलेल्या मिटिलीनी शहराने बंड केलं होतं. संतापलेल्या सभेने ठरवलं, सगळ्या पुरुषांना मारून टाका. जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना कसंतरी वाटू लागलं, सभा पुन्हा भरली. क्लेऑन म्हणाला, निर्णय बदलायचा नाही. डायोडोटस म्हणाला, रागात घेतलेला निर्णय शहराच्याच अंगाशी येईल. थोड्या मतांनी डायोडोटस जिंकला. मग दुसरं जहाज सुटलं. वल्हेकऱ्यांनी दारू-तेलात कालवलेलं जवाचं पीठ वल्ही मारतामारताच खाल्लं, पाळीपाळीने झोपले, आणि कत्तल सुरू होण्याच्या ऐन वेळी पोहोचले. पहिल्या जहाजाचे वल्हेकरी संथ चालले होते. त्यांनाही ते काम नको होतं. बंडाच्या म्होरक्यांना पुढे मारलं गेलं, पण शहर वाचलं.

(दृश्य : पिरेयस बंदर)

पुढे मीलॉस बेटावर कत्तल झाली, सिसिलीत आरमार बुडालं, सहा सेनापतींना सभेनेच मृत्युदंड दिला, आणि इ.स.पू. 404 मध्ये शत्रू असलेल्या स्पार्टा या ग्रीक राज्यापुढे अथेन्सने शरणागती पत्करली. तीस जणांची राजवट आली. ती उलथवणारे थ्रासिबुलसचे लोक याच पिरेयसमधून लढले, आणि 403 मध्ये सभा पुन्हा भरली. मग लोकांनी एक नवी सोय केली: सभेला येणाऱ्याला भत्ता. आधी एक ओबोल, म्हणजे एक छोटं नाणं, मग दोन, मग तीन. रोजगार बुडवून आलेल्या माणसालाही त्या टेकडीवर बसता यावं म्हणून.